शांत झोपलेलं पोर

मे महिना आला की आमचा कान-नाक-घसा वॉर्ड पोरांनी भरतो. शाळेला सुट्टी असते, म्हणून टॉन्सिलचं ऑपरेशन आईबाप मुद्दाम याच महिन्यात मागून घेतात. परळच्या हॉस्पिटलात त्या दिवशी यादीत चार मुलं होती आणि एक मोठा माणूस. मी रात्रपाळीला.

सगळ्यात जास्त आवाज मोठ्या माणसाचा. बसवर कंडक्टर, वय चौतीस. वर्षात सात-आठ वेळा घसा धरून ताप यायचा, रजा संपल्या, तेव्हा कुठे ऑपरेशनला तयार झाला. "सिस्टर, घसा राहू दे, माझा कानच फुटलाय." कानाला काही झालेलं नसतं. घशाची आणि कानाची कळ नेणारी नस एकच, म्हणून घशातली जखम कानात ठणकते. चारचारदा समजावलं, पण पटेना. मोठ्यांना दुखतंही जास्त आणि दहा-पंधरा दिवस दुखतं. पोरं चौथ्या-पाचव्या दिवशी उड्या मारायला लागतात.

कोपऱ्यातल्या खाटेवर डोंबिवलीचा सहा वर्षांचा मुलगा. याचा घसा फारसा दुखायचा नाही, त्रास घोरण्याचा होता. टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकामागची गाठ) इतके वाढलेले की झोपेत श्वास मधेच अडकायचा आणि आई हलवून जागं करायची. भूल देणाऱ्या मॅडमनी सकाळी त्याचा हलणारा दुधाचा दात आधीच काढून कागदाच्या पुडीत आईकडे दिला होता.

"बघा ना सिस्टर, अजिबात घोरत नाही. किती शांत झोपलाय!" आई खूश.

मी स्टूल ओढून तिथेच बसले. नव्या मुली ड्युटीला आल्या की मी त्यांना सांगते, रडणाऱ्या पोराकडे आई बघते, झोपलेल्याकडे आपण बघायचं. टॉन्सिलचं रक्त दरवेळी बाहेर येत नाही. पोर ते झोपेत गिळत राहतं. उशी कोरडी, चादर स्वच्छ, काही म्हणता काही दिसत नाही. हलतो तो फक्त गळा. याचा दर दोन-तीन श्वासांनी हलत होता. घोट, श्वास, श्वास, पुन्हा घोट.

संध्याकाळी पल्स ९८ लिहिलेली, आता १३६. तळवे गार. बीपी मात्र ठीक, आणि मुलांच्या बाबतीत त्यावर कधी विसंबू नये. नाडी आधी पळते, बीपी अगदी शेवटी पडतं.

रजिस्ट्रार डॉक्टरांना फोन केला. आई म्हणत होती, "उठवू नका ना, आत्ता कुठे डोळा लागलाय." घशात टॉर्च मारला तर टॉन्सिल काढलेल्या उजव्या खड्ड्यात रक्ताची काळपट गुठळी आणि तिच्याखालून लाल धार. तेवढ्यात त्याला उलटी झाली. उलटीचा ट्रे रक्ताच्या गुठळ्यांनी भरला.

"काकाने काला खट्टा गोळा दिला असेल," आई म्हणाली. काका शपथेवर सांगत होता, फक्त व्हॅनिला दिलं. रंगीत गोळा, डाळिंबाचा रस आम्ही बंद ठेवतो तो याच घोळासाठी. वीस किलोच्या मुलाच्या अंगात रक्त जेमतेम दीड लिटर असतं. ट्रेमध्येच दोनशे मिली तरी होतं.

रक्त थांबवायला त्याला पुन्हा ऑपरेशनला नेलं. दुसरी भूल पहिल्यापेक्षा अवघड. पोट रक्ताने भरलेलं, ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर संपलंच. मॅडम रक्त ओढून घ्यायची दोन सक्शन चालू ठेवून, नेहमीपेक्षा एक नंबर लहान श्वासाची नळी हातात घेऊन उभ्या राहिल्या. वॉर्डबॉय रक्तपेढीकडे धावला. खालच्या टोकाची एक बारीक रक्तवाहिनी सुटली होती, ती बांधली, पोट नळीने रिकामं केलं. बाहेरून रक्त चढवायची वेळ आली नाही.

पहाटे मुलगा परत आला. आईने विचारलं, "कोणाचं चुकलं का?" कोणाचंच नाही. भूल उतरल्यावर रक्तदाब वाढतो, पोर खोकतं, आणि एखादी रक्तवाहिनी उघडते, म्हणून तर पहिले चोवीस तास आम्ही डोळ्यांत तेल घालून बसतो. पण तिला पुढचंही सांगावं लागलं. घशात पांढरी खपली धरेल, तो पू नाही. पाचव्या ते दहाव्या दिवसात ती सुटते, तेव्हा पुन्हा रक्त येऊ शकतं. हॉस्पिटलपासून लांब जायचं नाही.

वडील गप्प झाले. "सहाव्या दिवशी चिपळूणला निघायचंय. तिकीट कन्फर्म आहे हो, केव्हाचं काढलंय."

"रद्द करा," तीन नंबरच्या खाटेवरून घोगरा आवाज आला. "पैसे कापून का होईना, परत मिळतात."

घसा चालतोय म्हटल्यावर मी कंडक्टरसमोर थंड दुधाचा पेला ठेवला. रात्रभर दुखतंय म्हणून त्याने पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि घसा कोरडा पडला की आणखीच दुखतं. त्याने पुन्हा कान धरला.