थर्मासमधले ९४ अंश

"साहेब, पक्षी बसलेत. उठवले तर दोन पावलं टाकतात नि परत बसतात."

सकाळी सातला सरळगावकडच्या एका काकांचा फोन. मी मुरबाड एमआयडीसीत कोंबडीखाद्याच्या कारखान्यात उत्पादन पाहतो. अशा फोनला माझं ठरलेलं उत्तर असतं : पाणी तपासा, तूस ओलं आहे का बघा. त्या दिवशी ते ओठांवरच राहिलं. आदल्याच दिवशी शहापूरहून हेच ऐकलं होतं, आणि दोन्हीकडे एकाच आठवड्यातली पोती गेली होती.

डॉक्टरांना घेऊन निघालो. शेडमध्ये २३ दिवसांचे पक्षी. किलोच्या घरात हवे होते, काट्यावर जेमतेम ८०० ग्रॅम. बाराव्या दिवसापासून ते आमच्या गोळीखाद्यावर होते. मी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. खाद्य मात्र देखणं! गोळी टणक, चकचकीत, तळाला चुरा नावापुरता. एप्रिलमध्ये याच काकांनी "गोळी मागितली होती, भुगा कसला देता?" म्हणून मला झापलं होतं. त्यांचंही खरंच होतं. पक्षी गोळी वेचून खातो, भुगा भांड्यात सोडतो किंवा तुसात सांडतो, आणि वजनाचं गणित तिथंच बिघडतं.

डॉक्टरांनी एका पक्ष्याची चोच अंगठ्याने दाबली. ती रबरासारखी वाकली. मग मेलेल्या पक्ष्याचं नडगीचं हाड काढून दोन्ही हातांनी मोडायला घेतलं. चांगलं हाड काट्कन मोडतं. हे ओल्या फोकासारखं नुसतं वाकत गेलं.

"स्फुरद, फॉस्फरस पोचत नाहीये. फॉर्म्युला बदललात का?"

फॉर्म्युला तोच होता. पण त्यात एक भरवसा गृहीत धरलेला होता. मका-सोयाबीनमधलं बरंचसं स्फुरद फायटेटमध्ये अडकलेलं असतं, कोंबडीला ते सोडवून घेता येत नाही. फायटेज हे एंझाइम ते सोडवतं. म्हणून आपण डीसीपी, म्हणजे वरून घालायची स्फुरदाची पावडर, कमी टाकतो, पैसे वाचतात. एंझाइम मेलं की डीसीपीही नाही आणि स्फुरदही नाही. आमचं एंझाइम ८५ अंशांपर्यंत तग धरणारं होतं, आणि पॅनेलवर तर महिनाभर ८५च होते. एप्रिलच्या बोलण्यांनंतर गोळी घट्ट व्हावी म्हणून कंडिशनर, म्हणजे गोळी पाडण्याआधी खाद्य वाफेने तापवणारा भाग, ७८ वरून ८५ वर मीच नेला होता. लॉगबुकात सही माझी आहे.

दुपारी परतलो तेव्हा मशीन चालू होतं. ऑपरेटर मामा पॅनेलकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा की, ८५." मी कॅन्टीनमधला चहाचा थर्मास मागवला. कंडिशनरच्या तोंडाशी गरम मॅश, म्हणजे गोळी होण्याआधीचं दळलेलं खाद्य, त्यात भरला, झाकण लावलं आणि दोन मिनिटांनी हातातल्या थर्मामीटरची काडी आत खुपसली. ९१, ९३, ९४. मामांनी स्वतः पुन्हा भरून बघितलं. ९४च.

मशीन थांबवून कंडिशनरचं दार उघडलं. तापमापकाच्या दांडीवर खाद्याचा बोटभर जाड, वाळून कडक झालेला थर. आतली उष्णता त्याच्यापर्यंत नीट पोचतच नव्हती. तो कमी दाखवणार, मामा वाफेचा व्हॉल्व्ह आणखी उघडणार, आणि आकडा ८५ वर आला की सगळे निर्धास्त.

एरवी डायने, म्हणजे गोळी पाडणाऱ्या भोकांच्या साच्याने, आधीच ओरड केली असती. साधारण १२-१५ अंश चढवायला मॅशमध्ये १ टक्का पाणी वाफेतून जातं. पावसाळ्यात मका ओलसर असताना इतकी वाफ दिली तर रोलर घसरतात, डाय तुंबते. पण मेमध्ये मका कोरडा, मॅशच ३८ अंशांचा. डायने सगळं निमूट गिळलं. प्रयोगशाळेत डब्यात ५०० ग्रॅम गोळी १० मिनिटं फिरवून चाळतात, तिथेही १०० पैकी ९५ ग्रॅम शाबूत. एप्रिलमध्ये ८८ होते. त्या ९५ वर आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. वाफेने स्टार्च फुगून चिकट होतो, जास्त तापवाल तितकी गोळी घट्ट. चाळणीला एवढंच कळतं.

पोती परत आणली. पक्ष्यांना पाण्यातून कॅल्शियम-फॉस्फरस आणि डी३ जीवनसत्त्व दिलं. बरेच उठले, काही नाही उठले. काकांचं नुकसान कंपनीने किती भरावं यावर जी ओढाताण झाली, ती सांगण्यासारखी नाही. फायटेज तपासायला नमुना बाहेर पाठवला होता, निम्म्याहून कमी शिल्लक निघालं.

आता दर शिफ्टला थर्मास. कॅन्टीनवाल्याने नवा मागून घेतला, जुन्याला खाद्याचा वास जात नव्हता. मामा आकडा पाटीवर खडूने लिहितात : ८२.

जुलैत काकांचा फोन आला. पक्षी छान चालतात म्हणाले. आणि लगेच, "पण साहेब, यावेळी पोत्यात चुरा जरा जास्तच वाटतो हो."