बेळगावच्या बाळंतिणी, एक गोळी आणि खुणांची पिशवी

आमच्या भागात दवाखान्यात कुणाला "ट्रायलमध्ये (म्हणजे औषधाच्या चाचणीत) भाग घेणार काय" असं विचारलं की घरातला कोणतरी मोठा माणूस आवाज चढवणारच, "आमची पोरगी काय उंदीर हाय काय ओ?" गेल्या महिन्यात आमच्याकडे हेच झालं. चुलत भावाची बायको पहिलटकरीण, शहरातल्या एका दवाखान्यात नाव घातलंय, तिथं तिला अंगात रक्त वाढवायच्या औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलं आणि संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर काका, दाजी, पुण्यातली मंडळी सगळ्यांनी मिळून निकाल देऊन टाकला. फॉर्म एकानंही वाचला नव्हता. वाचण्यासारखा नव्हताच म्हणा, तिच्या हातात दिला तो कन्नडमधला, ती महाराष्ट्रातल्या चंदगडची, मराठी मागितल्यावर दुसऱ्या दिवशी मिळाला.

ग्रुपवर मी काही बोललो नाही, तिथं बोलून उपयोग नसतो, म्हणून इथं लिहितोय. कारण ज्या जिल्ह्यात बसून आपण "प्रयोग करूलाल्यात" म्हणून ओरडतोय त्याच जिल्ह्यातल्या खेड्यातल्या बायका आणि नर्सनी मिळून एक ट्रायल केली होती, ती जगभरच्या बाळंतपणाच्या पुस्तकात गेली, आणि इथं दहा माणसांना विचारा, नऊ जणांना त्याचा पत्ता नसेल. (दहाव्याला असला तर तो मेडिकल कॉलेजात कामाला असणार.)

आधी प्रॉब्लेम काय होता ते सांगतो. आमची आत्ती खानापूर तालुक्यात एएनएम, म्हणजे खेड्यातली सरकारी नर्स होती, आता रिटायर. तिचं जुनं बोलणं सुरू झालं की पावसाळा येतोच, जांबोटीच्या पलीकडं एकदा पाऊस लागला की लाईट कधी येईल ते देवाला माहीत, रस्ता असला तर असला, आणि बाळंतपण घरातच. मूल नीट झालं, रडलं, घरातली सगळी खूष, आणि खरी भीती तिथून पुढं. वार पडली, पण गर्भाशय आकसलं नाही तर रक्त जातच राहतं, आणि चांगली बोलणारी बाई तासा दोन तासात पांढरी पडते. ते आकसायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असतं, हे डॉक्टर लोकांना केव्हापासून माहीत होतं, पण ते थंड ठेवायला लागतं आणि टोचायला माणूस लागतो. फ्रीज कुठला आणायचा त्या वाडीत?

आणि रक्त किती गेलं हे कसं ओळखायचं? आत्ती म्हणते, "किती जुन्या साड्या भिजल्या ते बघायचं आणि अंदाज करायचा." गोणपाटावर, शेणानं सारवलेल्या जमिनीवर निम्मं मुरून जायचं. घरातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, जाऊ दे की गं, घाण रक्त हाय, गेलेलं बरं. पुस्तकात 500 मिलीच्या वर गेलं की धोका असं लिहिलंय, पण कंदिलाच्या उजेडात 500 कुठलं आणि 800 कुठलं.

तर 2002 च्या सप्टेंबरपासून 2005 च्या डिसेंबरपर्यंत बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून ही ट्रायल केली. औषध होतं मिसोप्रोस्टॉल. ही मुळात पोटातल्या अल्सरची गोळी, पण तिनं गर्भाशय आकसतं. फ्रीज नको, सुई नको, बाळ झालं की तोंडात टाकून पाण्याबरोबर गिळायची, 600 मायक्रोग्रॅम. 1620 बायका. त्यातल्या 812 जणींना खरी गोळी आणि 808 जणींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, आणि कुणाला कुठली ते भिशीत चिठ्ठी निघते तसं नशिबानं ठरलेलं. देणाऱ्या नर्सला माहीत नाही, घेणारीला माहीत नाही. आणि हे देणारे कोण, तर मोठे डॉक्टर नव्हेत, आत्तीसारख्याच एएनएम, घरात नाहीतर उपकेंद्रात.

रक्त मोजायला त्यांनी एक साधी वस्तू वापरली, मला तर गोळीपेक्षा तीच जास्त भारी वाटते. पातळ प्लास्टिकचा कागद, बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायचा, वर दोरीनं पोटाला बांधायचा, आणि खाली तो निमुळता होत पिशवीसारखा लोंबतो, पिशवीवर मापाच्या खुणा. रक्त त्यात उतरतं आणि खूण वाचायची, बस. ही पिशवी याच कामात बेळगावला तयार झाली. शिवाय बेळगावच्या जिल्हा दवाखान्यात 123 बाळंतिणींवर वेगळा अभ्यास केला, काहीजणींचं रक्त नेहमीसारखं नजरेनं मोजलं आणि काहींचं पिशवीनं, तर नजरेचा आकडा पिशवीपेक्षा 33 टक्क्यांनी कमी आला. आणि ही नजर दवाखान्यातली, लाईट असलेल्या ठिकाणची! मग वाडीतल्या अंदाजाचं काय बोलायचं. नवीन औषधाची ट्रायल लोकांना कळते, पण रोग ओळखायच्या पद्धतीची पण ट्रायल करायला लागते हे लक्षातच येत नाही. मोजमापच चुकीचं असलं तर औषध लागू पडलं का नाही हे कशावरून ठरवणार?

2006 मध्ये लॅन्सेट या डॉक्टर लोकांच्या नियतकालिकात निकाल आला. खोट्या गोळीच्या बायकांमध्ये जास्त रक्त जाण्याचं प्रमाण 12 टक्के, खऱ्या गोळीच्यात 6.4. एक लिटर किंवा त्याच्या वर गेलेल्या, 1.2 वरून 0.2 टक्क्यांवर. म्हणजे 18 बायकांना गोळी दिली की एकीचा जादा रक्तस्राव टळला. त्रास झालाच नाही असं नाही, गोळीवाल्या बायकांना थंडी वाजून येणं आणि ताप जास्त होता, थोडा वेळ राहून जाणारा, आणि तेही त्याच पेपरात छापलंय. मला या लोकांचं हेच आवडतं, आपल्याच औषधाची तक्रार आपणच छापायची. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायला ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली, जिथं ऑक्सिटोसिन मिळत नाही तिथल्यासाठी. यादी काय एकट्या बेळगावच्या पेपरवर होत नसते, पण घरच्या बाळंतपणात साधी नर्स ही गोळी देऊ शकते याचा भक्कम पुरावा इथनंच गेला.

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते हट्टाला पेटले, "म्हणजे आठशे बायकांना खोटी गोळी दिली! फसवणूकच की ही." प्रश्न चुकीचा नाही, आणि त्याला उडवून लावणारे लोक मला आवडत नाहीत. पण तेव्हा घरच्या बाळंतपणात नर्सकडे रक्तस्राव टाळायचं असं औषधच नसायचं, त्यामुळं खोटी गोळी मिळालेल्या बाईला नेहमीपेक्षा कमी काही मिळालं नाही, उलट शेजारी माप लावून बसलेली नर्स मिळाली आणि गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात पाठवायची सोय मिळाली. आणि दुसरं, गोळी चांगली हे आपल्याला आज माहीत आहे, त्या दिवशी कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. माहीत असून कुणाला औषध नाकारलं तर ते पाप, आणि तशी ट्रायल आज कुणी केली तर मी पण काकांच्या बाजूनं ओरडेन.

इतक्या बायका कशाला लागतात, हेही लोक विचारतात. त्याला दुसरी ट्रायल बघा, त्यात पण बेळगाव आहे आणि आपलं नागपूर पण. ॲस्पिरिन, तीच डोकेदुखीची, पण 81 मिलिग्रॅम, पहिलटकरणींना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून रोज दिली तर बाळ लवकर जन्मायचं टळतं काय. सहा देशांत मिळून 11,976 बायका, निकाल 2020 मध्ये. वेळेआधी जन्म 13.1 टक्क्यांवरून 11.6 वर. शंभरात दीड! एखाद्या डॉक्टरला आपल्या ओपीडीत बसून हा फरक जन्मात दिसणार नाही, तो म्हणणार काही उपयोग नाही, किंवा योगायोगानं दोन पेशंट बरे गेले की म्हणणार रामबाण. एवढासा फरक दिसायचा तर हजारोंची मोजदाद करायला लागते. आणि गोळी रुपया दोन रुपयाची असल्यावर शंभरातली दीड बाळंसुद्धा लहान गोष्ट नाही.

पण लोक घाबरतात त्याला कारण आहे, हे पण लिहायला हवं. तेव्हाच्या आंध्रात खम्मम जिल्ह्यात 2009 मध्ये शाळेतल्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस एका प्रकल्पात दिली, आणि कित्येक आदिवासी मुलींच्या फॉर्मवर आईबापाच्या जागी होस्टेलच्या वॉर्डननी सह्या केल्या. काही मुलींचे मृत्यू झाले, चौकशीत ते लसीमुळं नाहीत असं निघालं, पण सह्यांचं काय? 2010 मध्ये सरकारनं तो प्रकल्प थांबवला. पुढं सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये ट्रायलच्या देखरेखीवरून सरकारचे कान पिळले, आणि 2019 ला नवीन नियम आले. आता ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार फुकट, नुकसानभरपाई वेगळी, एथिक्स कमिटीत (ट्रायल योग्य हाय काय ते तपासणारी समिती) किमान सात जण आणि त्यातले निम्मे तरी त्या संस्थेच्या बाहेरचे. कागदावर तरी चांगलं आहे. बाकी, पहिलटकरणीला तिला वाचता न येणाऱ्या भाषेतला फॉर्म देऊन "सही करा, बाकीच्यांनी पण केलीय" म्हणणारे लोक अजून आहेत, ते नियमानं सुधारणार नाहीत, आपणच फॉर्म परत दिला तर सुधारतील.

वहिनीचा मराठी फॉर्म आल्यावर आम्ही दोघं आणि आत्ती बसून वाचला, आत्ती चष्मा नाकावर ठेवून एकेक ओळ. तिनं पहिलं पान उलटून थेट सीटीआरआयचा नंबर शोधला, म्हणजे देशातल्या ट्रायलची जी सरकारी नोंदवही आहे तिथला, मी मोबाईलवर घालून बघितला, निघाला, पैसे कोण देतंय, किती बायका घेणार सगळं तिथं लिहिलेलं. मग एथिक्स कमिटीचा फोन आहे काय, मध्येच सोडलं तर नेहमीचे उपचार बंद करणार नाही असं लिहिलंय काय, रक्त कितीदा काढणार, त्या रक्ताचं पुढं काय करणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फॉर्ममध्ये गोलमाल होतं, आत्तीनं पेनानं तिथं फुली मारली.

आणि मग वहिनीनं विचारलेला प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. "मी सातव्या महिन्यात माहेरी जाणार, बाळंतपण चंदगडला, मग हे तपासायला कुठं येणार?" पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आमच्याकडं माहेर म्हणजे निम्म्या वेळा दुसरं राज्य. बॉर्डर ओलांडली की आशाताई वेगळी, रजिस्टर वेगळं, दवाखाना वेगळा. ट्रायलवाल्यांना प्रत्येक बाईचा शेवट माहीत पाहिजे, मधूनच गायब झालेल्या बायका जास्त झाल्या की निकालावर विश्वास राहत नाही, कारण गायब झालेल्यांचंच काहीतरी बिनसलं असलं तर?

तिनं स्वतः फोन करून विचारलं. पलीकडची मुलगी मराठीच निघाली, म्हणाली, माहेरचा पत्ता आणि तिथला नंबर द्या, आमचा माणूस चंदगडला पण येतो, नाहीतर फोनवर विचारतो. रक्ताच्या प्रश्नाचं मात्र "सरांना विचारून सांगते" म्हणाली. अजून सांगितलेलं नाही. वहिनी म्हणते, तेवढं लेखी आलं की सही करणार, नाही आलं तर नाही. काका ग्रुपवर अजून रोज गुड मॉर्निंगच्या मधे एक उंदराचा फोटो टाकतात.