दहाचा एक झाला त्या दिवशी

डिसेंबर २००८ मधली गोष्ट आहे. पुण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीने एका शिक्षणसंस्थेसाठी प्रवेशपरीक्षेचा ऑनलाइन अर्ज तयार केला होता. अर्जाचा कोड बराचसा माझाच असल्यामुळे शेवटच्या दिवशी मदतीचे फोन घेण्याचे कामही माझ्याकडे होते. मुदत संपायला जेमतेम तीन तास उरलेले असताना दापोलीहून एका सायबर कॅफेच्या मालकांचा फोन आला. "मॅडम, तुमची साइट म्हणते की माझा ब्राउझर जुना झालाय, नवीन टाका. पण मी तो परवाच नवीन टाकलाय," ते म्हणाले. त्यांच्या शेजारी एक मुलगी गुणपत्रिका आणि स्कॅन केलेला फोटो घेऊन सकाळपासून बसली होती.

अशा फोनला आमचे उत्तर ठरलेले होते: निळ्या 'ई'वर, म्हणजे विंडोजबरोबर येणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोररवर, क्लिक करा आणि अर्ज तिथे उघडा. मीही तेच सांगितले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, की तो त्यांनी मुद्दाम नजरेआड ठेवला आहे, कारण गिऱ्हाइकांनी काहीबाही उतरवून घेतल्यामुळे तो उघडला की टूलबार आणि जाहिरातींनी पडदा भरून जातो. त्यांच्या पाचही यंत्रांवर ऑपेरा हा दुसरा ब्राउझर होता, आणि एका यंत्रावर त्यांनी हौसेने दहाव्या आवृत्तीची पहिली चाचणी-आवृत्ती टाकली होती.

घरी मीही ऑपेराच वापरत असे, त्यामुळे त्यांनी तो का निवडला हे मी आपुलकीने विचारले. ते वर्ष भारनियमनाचे होते. वीज न सांगता जायची, सगळ्यांसाठी इन्व्हर्टर परवडत नव्हता, आणि वीज परत आल्यावर ऑपेरा आधीची सगळी पाने जशीच्या तशी पुन्हा उघडून देत असे. मागे गेले की आधीचे पान इंटरनेटकडे पुन्हा न मागता स्मृतीतूनच तत्क्षणी समोर यायचे आणि अर्धवट भरलेल्या चौकटींमधला मजकूरही बहुतेक वेळा शाबूत असायचा. मंद जोडणीवर चित्रे बंद ठेवण्याची सोय हाताशीच होती. तासावर पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकासाठी या गोष्टींचे मोल काय आहे, हे त्या गृहस्थांना माझ्यापेक्षा आणि ब्राउझरांची परीक्षणे लिहिणाऱ्यांपेक्षाही अधिक नेमके कळलेले होते.

बोलता बोलता मी तपासणीचा कोड उघडला. ब्राउझर प्रत्येक पान मागताना सर्व्हरला स्वतःचे नाव आणि आवृत्ती कळवतो. त्या मजकुरात 'ऑपेरा' हा शब्द सापडला, की त्यापुढचे एक चिन्ह सोडून येणारे एक अक्षर उचलायचे, त्याचा आकडा करायचा, आणि तो आठपेक्षा लहान असेल तर 'आपला ब्राउझर जुना आहे' या पानाकडे पाठवून द्यायचे, असे मी लिहिले होते. नऊपर्यंत हे बिनचूक चालले. दहामधले पहिले अक्षर मात्र एक! प्रचलित ब्राउझरांपैकी तोवर कुणीच दोन अंकी आवृत्तीपर्यंत पोहोचलेले नव्हते. इंटरनेट एक्सप्लोरर सातवर होता, फायरफॉक्स तीनवर. वेब-मानकांचे पालन तपासणाऱ्या ॲसिड-३ चाचणीत शंभरपैकी शंभर गुण मिळवणारा ब्राउझर माझ्या त्या एका ओळीने पहिल्या आवृत्तीचा ठरवून दारातूनच परत पाठवला होता. तो माझा रोजचा, आवडता ब्राउझर होता, याचे मला फार वाईट वाटले.

शेवटच्या दिवशी सर्व्हरवरच्या फाइलला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे दंडक होता आणि तो योग्यही होता. म्हणून मी त्यांना पानावर उजवे क्लिक करून त्या साइटपुरत्या पसंतीची खिडकी उघडायला सांगितली. तिथे ब्राउझरने स्वतःची ओळख काय द्यावी, हे निवडता येत असे. 'फायरफॉक्स म्हणून ओळख द्या' हा पर्याय निवडला तरी तेच पान आले, कारण त्या पर्यायात ऑपेरा आपले नाव मजकुराच्या शेवटी जोडतच असे. मग त्याखालचा 'फायरफॉक्सचा मुखवटा घाला' हा पर्याय निवडला, नाव पूर्णपणे नाहीसे झाले आणि अर्ज उघडला. "झाला, मॅडम! आता बाकीच्या यंत्रांवरही असंच करून ठेवतो, परत कटकट नको," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. मुलीचा अर्ज मुदतीत पोहोचल्याची नोंद मी डोळ्यांनी पाहिली.

ती नोंद पाहतानाच माझ्या लक्षात आले, की तिच्यासमोर ब्राउझर म्हणून फायरफॉक्स लिहिलेला आहे. दापोलीतली ऑपेराची पाच यंत्रे आता आमच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. हे नवेही नव्हते. आठव्या आवृत्तीपर्यंत ऑपेरा मुळातच इंटरनेट एक्सप्लोरर असल्याचे सांगत असे आणि खरे नाव शेवटी जोडत असे. घाईने लिहिलेली कितीतरी मोजणी-साधने पहिले नाव वाचून मोकळी होत असणार. ब्राउझर नीट चालावा म्हणून वापरणाऱ्याने त्याचे नाव लपवायचे, आणि नाव लपले म्हणून तो कुणी वापरतच नाही असे आम्ही समजायचे.

दुसऱ्या दिवशी मी हा विषय आमच्या सरांपुढे मांडला. कोणत्या ब्राउझरमधून किती जण साइटवर आले, याचा महिन्याचा छापील अहवाल त्यांनी काढला. ऑपेराची ओळ इतकी खाली होती, की ती दुसऱ्या पानावर गेली होती. "एवढ्यासाठी प्रत्येक पान आणखी एका ब्राउझरमध्ये तपासायचं, तर त्या दिवसांचे पैसे कोण देणार?" त्यांनी विचारले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते आणि हिशोब त्यांच्या जागी बरोबर होता. चुकीची ओळ दुरुस्त करायला त्यांनी लगेच परवानगी दिली, पण पानाच्या तळाशी 'ही साइट इंटरनेट एक्सप्लोरर ६ व त्यापुढील आवृत्तीत उत्तम दिसते' हे वाक्यही त्याच दिवशी चढले, आणि ते मीच टंकले.

ऑपेराच्या अपयशाचे कारण किंमत होते, असे पुष्कळजण सांगतात. त्यात तथ्य आहे. आधी तो विकत घ्यावा लागे, २००० पासून जाहिरातींसह फुकट मिळू लागला आणि जाहिराती गेल्या त्या सप्टेंबर २००५ मध्ये, म्हणजे फायरफॉक्सची पहिली आवृत्ती फुकट येऊन दहा महिने उलटल्यावर. विंडोजबरोबर एक ब्राउझर आयताच मिळत होता, हे तर उघडच आहे. पण त्या दुपारी दापोलीत तो फुकट होता, उतरवलेला होता, वापरणारा त्यावर खूश होता, आणि तरीही अडला तो आमच्यापाशी. मोबाइलवर चित्र वेगळे होते. साध्या फोनमधला आयता ब्राउझर इतका तोकडा असे, की ऑपेरा मिनीला आपल्याकडे घरोघर जागा मिळाली. फोनमध्ये देवनागरी अक्षरांऐवजी चौकोन दिसतात म्हणून त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन 'जटिल लिपींसाठी चित्ररूप अक्षरे' हा पर्याय चालू केल्याचे अनेक वाचकांना आठवत असेल.

आमच्यासारखीच चूक असलेल्या साइटी जगभर निघाल्या. पुढे सप्टेंबर २००९ मध्ये ऑपेराची दहावी आवृत्ती रीतसर आली, तेव्हा तिने आपला क्रमांक सांगण्याच्या जागी ९.८० असे लिहिले होते आणि खरा दहा मजकुराच्या अगदी शेवटी होता. त्यानंतरच्या अकराव्या आणि बाराव्या आवृत्तीनेही तिथे ९.८० च सांगितले. नॉर्वेतल्या ऑस्लोमधले ऑपेरा कंपनीचे लोक आमच्यासारख्यांच्या चुकांवर ठिगळे लावणारी एक फाइलही ब्राउझरसोबत नियमितपणे पाठवत असत. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी प्रेस्टो हे पाने रेखाटणारे स्वतःचे इंजिन सोडून क्रोमियमकडे, म्हणजे गुगलचा क्रोम ज्यावर उभा आहे त्या खुल्या कोडकडे, वळत असल्याचे जाहीर केले, तेव्हा मला प्रथम आठवले ते माझे 'पुढचे एक अक्षर'.

ऑपेराचे एक संस्थापक योन फॉन टेट्झनर यांनी पुढे विवाल्दी हा नवा ब्राउझर काढला. तो क्रोमियमवरच उभा आहे, तरीही केवळ वेगळे नाव दिसल्यामुळे साइटी त्याला अडवू लागल्या, आणि डिसेंबर २०१९ पासून त्याने बहुतेक साइटींना आपले नाव सांगणे बंद करून क्रोम म्हणून ओळख द्यायला सुरुवात केली. मी आता दुसऱ्या कंपनीत आहे. महिन्याचा अहवाल इथेही येतो आणि त्यात विवाल्दीची ओळ नसते. माझ्या संगणकावर मात्र विवाल्दी दिवसभर उघडा असतो. आमच्या अहवालात मी क्रोमच्या ओळीत मोजली जाते.