अंगणातला ‘अक्रोड’

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधून एका काकांचा फोन आला. “ताई, अंगणातला अक्रोड बघायला या. कापला तर लाकडाचा पलंग होईल का, सांगा.” वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी अंगणांभोवती मांडलेली ही वसाहत, त्यामुळे तिथे बागेची कामं मला मिळत असतात. पण अक्रोड? त्याला फळ धरायला हिवाळ्यात कित्येकशे तास सात अंशांखालची थंडी लागते. ती काश्मीर-हिमाचलात मिळते. इथे पारसिकच्या डोंगराखाली डिसेंबरातही दुपारी पंखा लावावा लागतो.

फाटकातूनच शंका आली. कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरट लव आणि देठ पानाला मिळतो तिथे दोन बारीक गाठी. अक्रोडाच्या पानात एका दांड्यावर पाच ते नऊ पर्णिका असतात, चुरगळल्या की उग्र वास येतो. शिवाय अक्रोडाच्या मुळांतल्या जुग्लोन नावाच्या विषारी द्रव्याने टोमॅटोची रोपं माना टाकतात. इथे काकूंची टोमॅटोची रोपं बुंध्यापासून हातभर अंतरावर ठणठणीत उभी होती.

ओटीवर वाळवलेल्या फळांच्या कागदी पुड्या रांगेने ठेवल्या होत्या. “पहिला बहर आहे, संध्याकाळी गल्लीतली पोरं येतील न्यायला,” काका म्हणाले. माझ्या काळजात धस्स झालं.

हातोडी मागितली. अक्रोडाचं कवच शिवणीवर उघडून दोन शकलं होतं. इथे शिवणच नव्हती. चांगले चार-पाच घाव घातल्यावर आतून गुळगुळीत, पांढरट, तेलाने चिकट गर निघाला.

“काका, हा रान अक्रोड. एरंडाच्या कुळातला. कच्चा खाल्ला तर उलट्या-जुलाबांनी मूल आडवं होईल.”

इंडोनेशियात तो भाजून वाटणात घालतात, हवाईत पूर्वी त्याचे दिवे लावत. पण कच्चा गर पोरांच्या हातात देणं म्हणजे आगीशी खेळ.

काकू दारातून म्हणाल्या, “म्हणजे परवा रात्रभर मला झालं ते ह्यानेच? मला वाटलं, पोहे बाधले.” फोडताना त्यांनी थोडे तुकडे तोंडात टाकले होते. आता बरं वाटत होतं, तरी डॉक्टरांना नेमकं काय खाल्लं ते सांगा, असं मी बजावलं. सगळ्या पुड्या गोणीत रिकाम्या झाल्यावरच मी चहा घेतला.

काका संतापले. दारावर रोपं विकायला आलेल्याने छातीठोकपणे अक्रोड म्हणून दिलं होतं. “तोडूनच टाका!” मी नाही म्हटलं. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने अंगणातलं झाडसुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि तोडून मिळणार काय? ह्याचं लाकूड हलकं, लवकर कुजणारं. काश्मिरी कोरीवकामाचं ते लाकूड वेगळं. सावली मात्र दाट आहे. ती ठेवा, गळलेली फळं रोज उचला, गल्लीतल्या प्रत्येक घरी सांगून या. हे तिन्ही मी काकांकडून कबूल करून घेतलं.

फळ, सावली, लाकूड असं सगळं एकाच झाडाकडून हवं असेल तर आपल्या कोकणात फणसासारखं झाड नाही, हे माझं ठाम मत. गरे, आठळ्या, कुयरीची भाजी, आणि वर पिवळंधमक टिकाऊ लाकूड. मागच्या कोपऱ्यात एकाला पुरेल एवढी जागा होती.

“किती वर्षं लागतील?” काकांनी विचारलं.

“बियाच्या झाडाला सात-आठ, कलमाला साधारण चार.”

“मग कलमच आणा,” काकू म्हणाल्या, “आणि कापा असला द्या, बरका नको.”