मानशीचं दार

दिवाळी अंकाची कथा गणपतीआधी गेली नाही की संपादकांचे फोन सुरू होतात, आणि फोनच्या धाकाने लिहिलेली कथा कशी होते ते मलाच ठाऊक. म्हणून यंदा जुलैतच कथा लिहून पाठवली. नाव ‘मानस’. त्या एका शब्दाच्या जोरावर लिहिली होती आणि तिथेच फसलो.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. मांडवी-झुवारीत भरतीचं खारं पाणी आत बरंच वरपर्यंत चढतं. ते अडवायला चिखलाचे, जांभ्याचे बांध घालून काढलेली शेती म्हणजे खाजन, आणि पाण्याच्या ये-जा साठी त्या बांधात बसवलेली दारं म्हणजे मानस. मराठीतलं मानस नपुंसकलिंगी, मनाचं. आमची मानस स्त्रीलिंगी, लाकडाची. असला शब्द हाती लागला की मला जेवण गोड लागत नाही. कथेत वादळी रात्री मानशीवरचा म्हातारा कंदील घेऊन धावतो, भरतीच्या तोंडावर एकट्याने दार ओढून घेतो आणि गावाचं भात वाचवतो. त्याच्या मनाचं दारही तेव्हाच मिटतं, वगैरे. संपादक खूश. एरवी त्यांना गोव्याची कथा म्हणजे समुद्र, फेणी आणि एखादी मारिया लागते. इथे निदान पाणी होतं.

फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात ती वाचली. वीसेक माणसं, त्यातली निम्मी चहासाठी थांबलेली. वाचून झाल्यावर नेहमीचं ‘छान, ओघवती’ झालं. मागच्या बाकावरचे एक काका मात्र उठले.

‘‘बाब, दार कोणें धांपलें?’’

‘‘त्या म्हाताऱ्यानं.’’

‘‘दार भरती धांपता. मनशाक थंय कितें काम?’’

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला बांधावर घेऊन गेले. आयुष्यभर या नद्यांच्या काठी राहूनही मी मानस इतक्या जवळून पाहिली नव्हती, हे इथे कबूल करतो. दार वरून टांगलेलं, नदीच्या बाजूला उघडणारं. माटीच्या झाडाचं लाकूड, काका म्हणाले, खाऱ्या पाण्यात तेच टिकतं. खालच्या अंगाला कालवं चिकटलेली. भरती आली की नदीचं पाणीच दाराला चौकटीवर दाबून धरतं. ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी नुकती लागत होती. आधी फळी थरथरली. मग कडेने पाण्याची चपटी धार सुटली, आणि दार वीतभर उचललं गेलं, कोणीही हात न लावता. माझा म्हातारा, त्याचा कंदील, त्याचं मन, सगळं त्या फटीतून नदीत गेलं.

‘‘मग मानशीवरचा माणूस करतो काय?’’ मी विचारलं.

मासे. मानशीची दरवर्षी पावणी होते, मासेमारीचा हक्क लिलावात जातो. रात्री ओहोटीच्या वेळी तोंडाला जाळं लावायचं. सुंगटं, शेवटे, काळुंदरं त्यात येतात. पावणीचे पैसे भरलेले असतात, ते वसूल व्हायला हवेत. मग कोणी तरी भरतीच्या वेळी दारात फळी अडकवून ते उघडं ठेवतो. जास्त पाणी आत, जास्त मासे आत. आणि मीठही.

काकांनी अशा एकाची गोष्ट सांगितली. श्रावणातली रात्र, भात पोटरीला आलेलं. त्यानं फळी घातली, त्याला डुलकी लागली, जाग आली तेव्हा पाणी शेतात. पुढली दोन वर्षं तिथे भात धड उभं राहिलं नाही. गावाला वाटलं, खेकड्यांनी बांध पोखरला. काका कोकणीत सांगत होते: ताणें फळी घाली, ताणें पळयलें, हांवें काडली तेदना... आणि पुन्हा ताणें. थांबले नाहीत, चाचरले नाहीत.

मी ऐकलं का, हे त्यांना कळलं का? मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

आता माझी अडचण. 1987चा राजभाषा कायदा कोकणी-मराठीचं काय ठरवायचं ते ठरवून मोकळा झाला. माझ्या टेबलावर ते भांडण रोज नव्याने लागतं. माझी पात्रं घरात कोकणी बोलतात आणि कथेत मराठी. एरवी निभावतं. पण ताणें आणि हांवें यांचे शेवट सारखे, म्हणून ते ‘हांवें’ कानावरून नुसतं सरकून गेलं. मराठीत ‘त्यानं, त्यानं’ म्हणता म्हणता मध्येच ‘मी’ आला की वाचक टाचणी टोचल्यासारखा दचकतो. मग ती चूक राहत नाही, लेखकाची करामत होते. सगळी कोकणीत ठेवली तर संपादक तळटीप मागणार.

कथा मागे घेतो म्हटल्यावर ते चिडलेच. ‘‘अहो, दार कसं मिटतं ते वाचकाला काय कळतंय? आणि चित्रही झालंय.’’ चित्रात अर्थात म्हातारा, कंदील, दार. आठ दिवस दिलेत. एरवी मानधनाच्या धनादेशासाठी होळीपर्यंत थांबायला लावणारी ही माणसं.

बरं, कथा नीट जमली तर ती काकांच्या गावात वाचली जाणार. त्यांचा नातू दिवाळी अंक घेतो, त्यांनीच सांगितलंय.

काल त्यांचा फोन आला. ‘‘तुमच्या गोष्टीतला म्हातारा आता काय करतो?’’

‘‘विचार करतोय.’’

‘‘अमावास्येला भरती मोठी असते,’’ ते म्हणाले. ‘‘रात्री या. फळी कुठे बसते ते दाखवतो.’’

अमावास्या परवा आहे. बॅटरीत नवे सेल घातलेत. वही न्यायची की नाही, ते अजून ठरत नाही.