काकूंची वही आणि फेनिटॉइन

काकांच्या रक्तात फेनिटॉइन या फिटच्या औषधाची पातळी 4 निघाली. साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिली हवी असते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारं हे कुटुंब. पक्षाघातानंतर गिळता येत नव्हतं म्हणून राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी; फिटचं सिरपही त्यातूनच. काकूंनी एक डोस चुकवला नव्हता, तरी पुन्हा फिट आली.

वॉर्डात डोस वाढवायचं चाललं होतं. मी आहारतज्ज्ञ, माझ्याकडे फीडचा, म्हणजे नळीतून द्यायच्या अन्नाचा, तक्ता करायला आला. मी काकूंची वही मागून घेतली. दर दोन तासांनी दूध, गाळलेली पेज, प्रोटीन पावडर. आणि औषध त्याच फीडमध्ये कालवून.

"माझ्या भावाला तर हेच औषध जेवणानंतरच घ्यायला सांगितलंय, ताई."

काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. तोंडाने जेवणाऱ्याला हे औषध जेवणानंतरच देतात. नळीतल्या फीडबरोबर मात्र त्याचं शोषण खूप घटतं. फिटच्या सगळ्याच औषधांचं असं नाही. व्हॅल्प्रोएट अन्नासोबत जरा उशिरा शोषलं जातं, पण एकूण मिळतं तेवढंच.

मला भीती डोस वाढवण्याची वाटली. फेनिटॉइन जिरवण्याची यकृताची ताकद लवकर संपते. मग थोड्या वाढीनेही पातळी एकदम चढते. आज डोस वाढवला आणि पुढे नळी निघाली, तर तोच डोस अंगावर येणार: तोल जाणं, बुबुळं थरथरणं, गुंगी. मी लगेच न्यूरॉलॉजिस्टना वही दाखवली. त्यांनी डोस तोच ठेवला, दिवसातून दोनदा. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही तपासायला लावलं, कारण हे औषध जवळजवळ 90 टक्के त्यालाच बांधलेलं असतं आणि ते कमी असेल तर नुसत्या आकड्यावरून अंदाज चुकतो.

औषधाच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास फीड बंद. म्हणजे दिवसातले आठ तास गेले, आणि आधीच खंगलेल्या माणसाचं पोषण उरलेल्या सोळा तासांत बसवायचं. फीड दाट केलं तर नळी तुंबते, एकदम जास्त दिलं तर उलटीची भीती. त्या तक्त्यावर माझी अख्खी दुपार गेली. काकूंना एवढंच सांगितलं: बाटली खूप हलवायची, औषध तळाशी बसतं, आधी आणि नंतर नळीतून पाणी सोडायचं, अ‍ॅन्टासिड सोबत द्यायचं नाही.

पुढच्या तपासणीत पातळी 12 आली. काकूंनी विचारलं, "नळी निघाल्यावर?" मी वहीतच लिहून दिलं: तेव्हा रक्त पुन्हा तपासायचं, त्याआधी डोसला हात लावायचा नाही.