विरोध सुटल्यावर काय उरते?

व्याकरणाच्या पुस्तकात विरोधाभास अलंकाराची व्याख्या एका ओळीत उरकलेली असते: वरवर विरोध दिसतो, पण विचार केल्यावर तो नाहीसा होतो. दोन आठवड्यांपूर्वी नारायण पेठेतल्या आमच्या घरी ही व्याख्या समजावून देत असताना भाचीने विचारले, "मावशी, विरोध नाहीसाच व्हायचा असेल, तर कवी तो घालतो कशाला?" मला लगेच उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न मनात घोळतो आहे.

विरोध नसतानाही विरुद्ध भासेल असे बोलणे, ही या अलंकाराची खूण संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त सांगितली. अप्पय्य दीक्षितांनी 'कुवलयानंद' या अलंकारांवरील संस्कृत ग्रंथात दिलेल्या उदाहरणात नायिकेचे वक्ष हाराविनाही 'हारी' आहे. 'हारी' म्हणजे हार ल्यालेले, तसेच मन हरण करणारे. हा दुसरा अर्थ ध्यानात आला की विरोध मिटतो. श्लेषावर उभ्या असलेल्या अशा रचनेतले चातुर्य मला मान्य आहे, पण कोडे सुटल्यावर तिच्याकडे पुन्हा वळावेसे वाटत नाही. भाचीचा प्रश्न अशा उदाहरणांना अचूक लागू पडतो.

तुकोबांचा अभंग मात्र त्या व्याख्येत मावत नाही.

आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां ।
तो जाला सोहळा अनुपम्य ॥

हे मरण अहंकाराचे आहे, हे उत्तर तुकोबांनी लपवलेले नाही. "एकदेशीं होतों अहंकारें आथिला", म्हणजे अहंकाराने भरून मी एका जागी कोंडलेला होतो, असे ते पुढे स्वतःच सांगतात. तरीही पहिल्या चरणातला विरोध सैल होत नाही. केवळ 'अहंकार गेला' एवढेच सांगायचे असते, तर 'आपुलें' आणि 'म्यां' हे दोन शब्द एकमेकांसमोर उभे करण्याची गरज नव्हती. मेला तोही मी आणि पाहणाराही मी. साध्या वाक्याला हा अनुभव पेलत नाही, कारण तिथे मेलेल्याला पाहण्याच्या क्रियेचा कर्ता होता येत नाही. तुकोबा ते अशक्य वाक्य उच्चारतात, शिवाय 'डोळां' म्हणून त्याला प्रत्यक्षाची साक्षही देतात. पुढे तर "फिटलें सुतक जन्ममरणाचें" असे येते. आपल्या घरांत मरणाने सुतक लागते. इथे मरणानेच ते फिटते. अर्थ कितीही वेळा उलगडून सांगितला, तरी 'सुतक' या शब्दापाशी मी दर वेळी थांबते.

मुक्ताबाईंची "मुंगी उडाली आकाशी, तिणें गिळिलें सूर्याशी" ही रचना याहून वेगळ्या जातीची, कूटाची म्हणजे कोड्यासारखी आहे. तिथे विरोधांची रासच रचलेली असून मुंगी म्हणजे जीव वगैरे उकल बाहेरून आणावी लागते. तुकोबांच्या अभंगात विरोध आणि उकल शेजारी शेजारी नांदतात, आणि म्हणूनच उकलीनंतरही विरोध टिकतो, हे मला अधिक मोलाचे वाटते.

परवा पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, तेव्हा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबांच्या पालखीच्या दर्शनाला आम्ही दोघी गेलो होतो. रांगेत उभ्या असताना मी तिला हा अभंग हळूच म्हणून दाखवला. अर्थ तिने विचारला नाही. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मावशी, पण मग ते सुतक पाळत कोण होतं?"